आंग सोडून पडणारी आत्या

माझी आत्या फार सुरेख पडत असे. केळीच्या सालीवरून, जिन्यावरून, बैलगाडीतून, भरल्या हौदात. मुक्या सिनेमाच्या काळात सात-आठ वर्षं ती पडद्यावर पडत राहिली आणि लोक पोट धरून हसत राहिले. अमरावतीत आमचा फुलांचा धंदा. त्या माळ्याच्या पोरीला मुंबईच्या कंपनीनं ‘मिस मोगरा’ केलं. गावानं तिला काय काय ठरवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नवऱ्यानं टाकलेली म्हणून ती माहेरी आली होती आणि डोक्यावर टोपली घेऊन बाजारात फुलं विकत होती. एकदा चिखलात तिचा पाय घसरला. ती अशी काही पडली की बाजार खदखदून हसला, पण टोपलीतलं एक फूल सांडलं नाही. कंपनीचा एक माणूस तिथं उभा होता, त्यानं ते पाहिलं आणि तिचं आयुष्य फिरलं. मला ती शिकवायची, “आंग सोडून पडाचं, पोरी. धरून पडलं का हाडूक मोडते.”

गावात तंबूत तिचा सिनेमा लागला की आमचं अख्खं घर जाई. पेटी-तबला वाजत असे आणि पडद्यावर आत्याचे ओठ हलत. मुक्या सिनेमात काय बोलायचं ते कंपनी सांगत नसे, म्हणून ही आपली खुशाल वऱ्हाडीत बोले. नायकानं धक्का दिला की ती पडता पडता म्हणे, “काहून रे ढकलून राहिला मले?” मुंबई-पुण्याला ते कळत नसे. आमच्या तंबूला ओठांवरून बरोब्बर कळे आणि हसून हसून लोक बाकांवरून खाली येत. माझे वडील सगळ्यात मोठ्यानं हसत. हीच माणसं दुसऱ्या दिवशी तिचं नाव काढलं की थुंकत. जनाची नाही तर मनाची तरी असावी!

मग बोलपट आले. कंपनीतल्या एका साहेबानं तिला वाक्य वाचायला दिलं. हिनं ‘मले’ म्हटलं. साहेब म्हणाला, ‘मला’ म्हणा. हिच्या तोंडून पुन्हा ‘मले’च आलं. तुमची बोली पडद्यावर चालायची नाही, असं सांगून तिला घरी पाठवलं. आत्यानं त्याला सुनावलं होतं, “थोबाड माहं चाललं, हाडं माही चालली, मंग जीभच काहून नाई चालत?” त्या साहेबाचा मला आजही संताप येतो. पण तो परका होता.

वडील परके नव्हते. आत्या त्यांची थोरली बहीण, तिनं त्यांना कडेवर वागवलं होतं. आमची फुलझाडं ज्या विहिरीवर जगली ती विहीरही तिनंच सिनेमाच्या पैशातून बांधून दिलेली. पाणी चालत होतं, बहीण चालत नव्हती. ती परत आली तेव्हा वडिलांनी तिला घरात घेतलं नाही. अमरावतीतच राजापेठेत एक खोली करून ती एकटी राहिली.

आमच्या घरची रीत अशी, की नवरीची मुंडावळी आत्यानंच गुंफायची आणि आत्यानंच बांधायची. माझ्या लग्नाला तिला बोलावणं नव्हतं. तरी ती आली, केळीच्या पानात मोगऱ्याची मुंडावळी घेऊन. मांडवाच्या दारात वडील आडवे आले.

“पाहुणे हायेत. तमाशा नोको करू. जाय इथून.”

“मी आत्या हाओ तिची. बांधतो अन् जातो.”

वडिलांनी तिला ढकललं. आत्या पडली. पडता पडता तिचे ओठ हलले, आवाज काही आला नाही. मांडवातल्या सगळ्यांना ते शब्द तंबूपासून पाठ होते. अख्खा मांडव हसला. तिला उठवायला एकही जण पुढे झाला नाही. ती स्वतःच उठली, पान छातीशी धरून निघून गेली, आणि मला काकूनं दुसरी मुंडावळी बांधली. वडिलांना मी कधीही क्षमा केली नाही. त्या मांडवालाही नाही.

चार दिवसांनी माहेरपणाला आले ती आधी राजापेठेत गेले. आत्याचं डावं मनगट फळीला बांधलेलं होतं. खुंटीवर मुंडावळी वाळून गेली होती, पण तिची एक कळीही तुटलेली नव्हती.

“आत्या, तू धरून काहून पडली?”

“मुंडावळी होती ना हातात.”

मग तिनं विचारलं, “लोक लय हसले ना? तू हसली का, पोरी?”

मी हसले होते. बोहल्यावर चढायच्या आधी, शालूचा पदर तोंडात कोंबून मी हसले होते, कारण आत्या पडली की हसायचं, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक होतं.

“नाई,” मी म्हटलं.

आत्यानं फळीवरचा हात जरा वर केला आणि म्हणाली, “मंग बराबर पडलो नाई मी.”