पुस्तकाखालचा विंचू

काय विचारता राव! सासुरवाडीला जाऊन मी जो शहाणपणा पाजळला, तो दुश्मनानंही करू नये.

तेव्हा मी तळोद्याला मास्तर होतो. आखाजीच्या सणाला माहेरी गेलेलं कुटुंब आणायला खापर गावी गेलो. पिशवीत एक जुनं, कसर लागलेलं पुस्तक होतं, शास्त्राच्या इतिहासाचं. वाचलं होतं निम्मंच, पण डोक्यात पुरतं चढलं होतं! शेकडो वर्षं लोक न पारखता काय काय मानत बसले, हे वाचल्यापासून मला दिसेल ते पारखावंसं वाटे.

आणि आमचे सासरे कोण? मंत्रानं विंचू उतरवणारे! पंचक्रोशीत नाव त्यांचं.

जेवता जेवता मी म्हणालो, "मामा, मंत्रानंच विंचू उतरतो हे कशावरून? विंचू चावलेली दोन माणसं घ्या. एकावर मंत्र टाका, दुसऱ्यावर टाकू नका. मग बघू!"

मामांचा घास हातातच राहिला.

"जवाईबापू, मन्हा मंतर खोटा शे का? मंग मी मन्ही पोर धाडस नही!"

झालं! पोर पाठवायचीच नाही म्हणे! आतून बांगड्या खणकल्या. कुटुंब संतापलं होतं, तेवढं नवऱ्याला कळतं हो.

सकाळी कुणाशी बोलायला नको म्हणून कोनाड्यातलं पुस्तक उचललं, अन् आई गं! खाली विंचू! बोटापासून खांद्यापर्यंत नुसती आग. मी अंगणात थयथयाट करतोय, शेजारीपाजारी गोळा झालेत.

"मामा, मंत्र टाका!"

"बिगर मंतरना गडी पाहिजे व्हता ना तुम्हले? भेटी गया!"

"पाया पडतो मामा! मंत्र खरा, तुम्ही खरे, पुस्तक खोटं!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. मग कुठे मामा खाली बसले, पुटपुटले, फुंकर मारली. दुपारपर्यंत कळ उतरली. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, ते विरघळले, आणि कुटुंब गाठोड्यासकट एकदाचं गाडीत चढलं. हुश्श! जीव भांड्यात पडला माझा.

गाडी जुंपली, मीही चढून बसलो, तेव्हा मामा माझ्या कानाशी आले.

"माले राग उना व्हता. मंतर टाकाच नही मी. नुसता व्हट हालाडात."

अहो, म्हणजे नुसते ओठ हलवले आणि कळ उतरली! माझंच खरं ठरलं की! झालेली फजिती विसरून मी टुणकन उठलो. "मग मामा, प्रयोग अर्धाच झाला! आता मंत्र टाकून एकदा बघायला हवं!"

"टाकूत ना! तोच इच्चू टोपलीखाले झाकी ठेयेल शे. हात दखाडा."

कुटुंब पदर तोंडात कोंबून हसायला लागलं. मी हात खिशात घातला आणि गाडीवानाला म्हणालो, "हाक रे बाबा, हाक लवकर!"