केसांकडे पाहता पाहता

पुलगावात आमचं साड्यांचं दुकान आहे. दुपारी मी गल्ल्यावर बसते आणि गर्दी असली की उठून माल दाखवते. त्या दिवशी एका बाईसमोर पांढरी सुती साडी उलगडली, तर त्या साडीवर माझ्या डोक्यावरून केसांची एक अख्खी बट येऊन पडली. बाईने साडीकडे पाहिलं, मग माझ्या भांगाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "दुसरी दाखवता काय?"

माझ्या पोटाचं ऑपरेशन होऊन तेव्हा तिसरा महिना लागला होता. वजन इतकं वाढलेलं की दुकानाची पायरी चढताना गल्ल्याला धरून उभं राहावं लागायचं. साखर होती, गुडघे गेले होते, झोपेत श्वास अडकायचा. नागपूरच्या सर्जननी जठराचा मोठा भाग काढून टाकला. सासूबाईंना ते अजिबात पटलेलं नव्हतं. "चांगलं पोट कापून घेते काय कोणी?" असं त्या ऑपरेशनच्या दिवसापर्यंत म्हणत राहिल्या. पण वजन उतरायला लागलं, साखरेची गोळी सुटली, आणि माझे ब्लाउज त्या स्वतःच मशीनवर बसून आत घेऊन द्यायला लागल्या.

आणि मग केस गळायला लागले.

मी जाड होते तेव्हाही माझे केस कमरेखाली होते. लग्नकार्यात बायका माझ्या अंगाकडे पाहून गप्प बसायच्या आणि वेणीचं कौतुक करायच्या. माझ्याजवळ कौतुकाचं तेवढंच होतं. आता अंग हलकं झालं तर तेवढंही जायला निघालं. सकाळी उशीवर केस, भाकरीच्या पिठात केस, न्हाणीत पाणी तुंबलं तर जाळीवर केसांचा बोळा. मी गुंतवळ काढायची, कागदात गुंडाळायची आणि कोणी पाहायच्या आत केराच्या डब्यात खाली दाबून टाकायची.

सर्जननी घरी सोडताना सांगितलं होतं, काही महिन्यांनी केस गळतील, घाबरू नका, पुन्हा येतील. प्रोटीन घ्या, गोळ्या चुकवू नका. तेव्हा मी पोटाच्या दुखण्यात होते. गळतील म्हणजे थोडेफार, असंच समजून मी मान हलवली होती.

मी फोनवर पाहून कांद्याचा रस लावायला सुरुवात केली. नवऱ्याने हिंगणीकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून माक्याचं तेल आणलं. पार्लरमध्ये जाऊन डोक्यावर काहीतरी थापून घेतलं, त्याने दोन दिवस केस चमकले आणि तिसऱ्या दिवशी जास्तच गळले. सासूबाई माझ्या मागे बसून तेल चोळायच्या. एकदा त्यांचा हात मध्येच थांबला. मी विचारलं, "काय झालं आई?" त्या म्हणाल्या, "काई नाई." पण त्यांच्या बोटांमध्ये काय आलं असेल ते मला न पाहता कळलं.

शेजारच्या काकू एका संध्याकाळी येऊन बसल्या. त्यांनी माझ्या गोळ्यांची पिशवी पाहिली. चघळायची व्हिटॅमिनची गोळी, लोहाची, कॅल्शियमची. त्या म्हणाल्या, "एवढ्या गोळ्याइची गरमी डोक्यात नाई जाईन तं कुठं जाईन? म्हणून केस चालले पोरीचे." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या गोळ्यांची चव मला तशीही सहन होत नव्हती. "काही दिवस बंद करून पाह्यजो," असं सासूबाई म्हणाल्या, आणि मी बंद केल्या. मला ते सोपं वाटलं. कोणालाच, मलाही, सर्जनला एक फोन करावा असं वाटलं नाही.

उलट्या तशा आधीपासूनच होत होत्या. घाईने खाल्लं की व्हायच्या. आता वरणाचं पाणीही पोटात ठरेना. कांद्याचा रस डोक्याला लावला की त्या वासाने पोट ढवळायचं, म्हणून सगळे म्हणाले, कांद्यानेच होतंय. रस बंद केला. उलट्या थांबल्या नाहीत. मी दिवसभर खाटेवर पडून राहायची आणि हातात फोनचा आरसा धरून भांग पाहायची. भांग रुंद होत होता. पायांना मुंग्या यायच्या, पण पाय कोण पाहतो? गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावली. त्या रात्री बरं वाटायच्या ऐवजी डोकं गरगरत राहिलं. सकाळी उठले तर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दोन दिसलं.

नवरा म्हणाला, "आज दवाखान्यात जाऊ."

मी म्हटलं, "वर्ध्याला केसांच्या डॉक्टरची वेळ घेतलेली आहे. आधी तिथं चला."

आता मला माझ्या त्या हट्टाची भीती वाटते. धड चालता येत नव्हतं, पाण्याचा घोट ठरत नव्हता, आणि मी केसांसाठी गाडीत बसले. नवऱ्याने वाद घातला नाही. त्याला वाटलं, निदान डॉक्टरकडे तरी जाते आहे. सासूबाई मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसल्या. वाटेत देवळीच्या पुढे गाडी थांबवून मी पुन्हा उलटी केली. नुसतं पिवळं पाणी.

त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. मी कठड्याला धरून चढले. वर पोहोचल्यावर सासूबाई एकदम ओरडल्या, "अवो, तुही चप्पल कुठं गेली?"

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय उघडा होता. चप्पल पायातून निसटून खालच्या पायऱ्यांवर पडली होती आणि मी अनवाणी पायाने अर्धा जिना चढले होते. फरशी थंड होती की गरम, मला काहीच कळलं नव्हतं.

सासूबाईंनी तिथेच खाली बसून माझ्या तळपायाला चिमटा घेतला. "लागते काय?"

"नाही."

"आता?"

"आई, नाही लागत."

त्यांनी उठून दाराशी जाऊन हाक मारली. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला लगेच आत घेतलं. त्यांनी माझ्या डोक्याकडे एकदाच पाहिलं. "केसांचं आपण नंतर पाहू," त्या म्हणाल्या आणि माझ्यासमोर बोट धरलं. "मान न हलवता माझ्या बोटाकडे पाहा." मी पाहिलं. बोट बाजूला गेलं तसे माझे डोळे थरथरायला लागले. ते मलाच जाणवत होतं. त्यांनी विचारलं, ऑपरेशन कधी झालं, उलट्या कधीपासून, गोळ्या कोणत्या घेता.

मी सासूबाईंकडे पाहिलं. नवरा माझ्याकडे पाहायला लागला. गोळ्या बंद केल्याचं त्याला माहीतच नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "म्या बंद करायले लावल्या, डॉक्टरसाहेब. केस गळून राह्यले होते म्हणून."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी नागपूरच्या सर्जनचा नंबर मागितला आणि आमच्यासमोरच फोन लावला. बोलणं इंग्रजीत चाललं होतं, त्यातलं "बी-वन" मला दोनदा ऐकू आलं. फोन ठेवून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "बी-वन हे जीवनसत्त्व यांच्या शरीरात संपलंय. ते नसलं की नसा आणि मेंदूवर परिणाम होतो. इथल्या मोठ्या दवाखान्यात आत्ताच न्या. मी कळवते आहे. आणि लक्षात ठेवा, आधी त्याचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. उलटं होऊ देऊ नका, ग्लुकोज आधी गेलं तर उरलंसुरलंही संपतं."

त्यांनी ते एका चिठ्ठीवर लिहूनही दिलं. नवऱ्याने मला जिन्यावरून उचलून खाली आणलं. काही महिन्यांपूर्वी दोन माणसांनाही ते जमलं नसतं.

दवाखान्यात गर्दी होती. मला खाटेवर घेतलं, सुई टोचली. नर्सने स्टँडवर बाटली अडकवली. माझ्या डोळ्यांसमोर सगळं दोन-दोन होतं, पण नवऱ्याचा आवाज मी ओळखला.

"थांबा. हे ग्लुकोज आहे काय?"

"हो, पेशंट डिहायड्रेट आहे ना."

"आधी इंजेक्शन द्या. चिठ्ठी पाहा."

"डॉक्टर येतील तेव्हा पाहू. तुम्ही बाजूला व्हा."

नवरा बाजूला झाला नाही. त्याने नळी हातात धरून ठेवली. हा माणूस दुकानात गिऱ्हाइकाशी कधी आवाज चढवत नाही, घासाघीस करणाऱ्यालाही पाणी विचारतो. त्या दिवशी तो म्हणाला, "मी हे लावू देणार नाई. डॉक्टरले बोलवा. आत्ता बोलवा." माझ्या पायाशी सासूबाई उभ्या होत्या. त्या माझा तळपाय चोळत होत्या. ते मला दिसत होतं, जाणवत नव्हतं. मला वाटलं, मी आता झोपले तर उठणार नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, बोलत राहा." त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही. बहुतेक ब्लाउजांबद्दल बोलत होत्या, किती आत घ्यायचे राहिलेत त्याबद्दल.

एक तरुण डॉक्टर धावत आला. डॉक्टरीणबाईंचा फोन त्याच्यापर्यंत पोहोचला होता. त्याने चिठ्ठी वाचली, नर्सला काहीतरी सांगितलं आणि बाटली स्टँडवरून काढून ठेवली. मग इंजेक्शन आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याचा चेहरा मला एकच दिसला. त्याने दाढी केलेली नव्हती. मी रडले, तर तो घाबरून डॉक्टरला बोलवायला निघाला.

पुढे नागपूरला हलवलं. सर्जननी दुर्बीण टाकून पाहिलं, जठराचा एक भाग आक्रसला होता, तो रुंद केला. उलट्या थांबल्या. घरी आले तेव्हा मी वॉकर धरून चालत होते. गोळ्यांची पिशवी सासूबाईंनी देवघराच्या फळीवर ठेवली होती. सकाळी त्या स्वतः गोळी हातावर ठेवायच्या आणि मी चघळून गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. शेजारच्या काकू आल्या तर त्यांच्याशी हवापाण्याचं बोलायच्या, चहा द्यायच्या. गोळ्यांचा विषय त्यांनी पुन्हा निघू दिला नाही.

केस त्यानंतरही गळतच राहिले. ते मला कोणी सांगितलं नव्हतं, की पोटात सगळं नीट गेलं तरी गळणं लगेच थांबत नाही. डॉक्टरीणबाईंनी लावायला एक औषध दिलं आणि म्हणाल्या, "यापेक्षा जास्त काम तुमची डाळ आणि अंडं करणार आहे. थांबायला शिका." मी वेणी कापली, मानेपर्यंत. दुकानात बायका विचारायच्या. एकीने तर नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, किमो चालू आहे काय म्हणून. तो तिला म्हणाला, "नाई बाई. तिनं वजनाचं ऑपरेशन केलं, मंग गोळ्या सोडल्या. आता घेऊन राह्यली." इतकं सरळ त्याने सांगितलेलं ऐकून मी गल्ल्याच्या मागे मान खाली घातली, आणि थोड्या वेळाने वर केली.

उन्हाळ्याच्या सुमाराला कपाळाच्या कडेला बारीक केस उभे राहिले. तेल लावलं तरी बसायचे नाहीत. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही, पुन्हा जातील म्हणून. ते गेले नाहीत. पहिल्यासारखे दाट मात्र झालेले नाहीत, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, कदाचित होणारही नाहीत.

उजवी टाच अजून बधिर आहे. परवा तपासणीसाठी नागपूरला जायला स्टेशनवर गेलो. गाडी पलीकडच्या फलाटावर लागणार होती, पूल चढावा लागणार होता. नवरा हात पुढे करून उभा राहिला. मी म्हटलं, "तुम्ही मागे या फक्त." कठडा धरून एकेक पाय पाहून ठेवत मी चढायला लागले, कारण पाय पायरीवर पडला की नाही हे मला अजून डोळ्यांनीच पाहावं लागतं. मागून लोक घाई करत होते, कोणीतरी "चला हो बाई" म्हणालं. मी थांबले नाही आणि घाईही केली नाही. वर पोहोचले तेव्हा गाडीची घोषणा झाली, आणि मग उतरायच्या पायऱ्या होत्या.