मागची दोन बटणं

स्पर्धक क्रमांक चौदा. नाव : श्री. गुंडू ज्ञानू चौगुले. वय सव्वीस. मुक्काम कबनूर. उंची पाच फूट चार इंच, वजन बावन्न किलो, छाती न फुगवता बत्तीस. तालीम : नाही. वस्ताद : नाही. खरूज, गजकर्ण : नाही. कान : दोन्ही शाबूत. सदर इसम मैदानात उतरण्यास सर्वार्थाने पात्र असल्याचे समितीने तपासून प्रमाणित केले आहे.

हे मैदान टीव्हीचं होतं. २००२ सालचा डिसेंबर, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतलं एक मंगल कार्यालय, चार टीव्ही आणि मारामारीच्या व्हिडिओ गेमची जिल्हास्तरीय स्पर्धा. समितीचे अध्यक्ष चनबसाप्पा यांनी वीस वर्षं कुस्तीची मैदानं भरवली होती आणि उतारवयात गेमचं दुकान काढलं होतं. कुस्तीचे छापील फॉर्म दीड गठ्ठा उरले होते. ते रद्दीत घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे बटणं दाबायला आलेल्या बत्तीस जणांची छाती मोजली गेली आणि अंगावर खरूज आहे का ते सदरे वर करून पाहिलं गेलं. बोटं कुणी मोजली नाहीत. फॉर्मात बोटांचा रकाना नव्हता.

गुंडूच्या उजव्या हाताला तीन बोटं होती. अंगठ्याशेजारची दोन नव्याण्णव साली यंत्रमागाच्या चक्रात गेली. मालकानं त्याला मागावरून उठवून सुताच्या कांड्या भरायला बसवलं. त्या कारखान्यात हे काम तोवर बायकांचं होतं. गावानं तिबोट्या असं नाव ठेवलं. मागाच्या सुट्टीला तो एसटीनं कोल्हापूरला यायचा आणि चनबसाप्पांच्या दुकानात खेळायचा. तिथं त्याला गुंडू म्हणत, क्वचित गुंडूशेठ म्हणत, कारण तिथं तो जिंकत असे. आठवड्यातले ते चार तास सोडले तर त्याला त्याच्या नावानं हाक मारणारी त्याची आई, चिमणाबाई, तेवढी होती.

तो जिंकायचा कसा, हे सांगायला हवं. गेम खेळायला हातात धरतात त्या पॅडच्या उजव्या बाजूला पुढं चार बटणं असतात, ती अंगठ्याची. मागं दोन असतात, ती नेमकी त्या बोटांची जी गुंडूकडे नव्हती. गेममधल्या प्रत्येक पैलवानाचे भारी डाव मागच्या बटणांवर. पण हा गेम आपल्या पैलवानाचे डाव आपल्याला बदलू देई : नको तो काढा, हवा तो बसवा आणि सगळी मांडणी काडेपेटीएवढ्या मेमरी कार्डात भरून खिशात टाका. गुंडूनं दोन वर्षं खपून असा पैलवान तयार केला, ज्याचे सगळे डाव एका अंगठ्यावर चालत. भारी डाव एकही नाही. सगळे किरकोळ, पण एकाच्या शेपटीला दुसरा असे, की समोरच्याला श्वास घ्यायला फट मिळू नये.

आदल्या वर्षी कुणी एक जण असंच कार्ड घेऊन आला होता. त्याच्या पैलवानाच्या प्रत्येक बटणावर एकच जीवघेणा डाव. लोक चिडले, ते बरोबरच होतं. उपाय सोपा होता : तो एक डाव बंद करायचा. समितीला सोपे उपाय कमीपणाचे वाटतात. तिनं सगळ्यांचे सगळेच बदललेले डाव बंद केले, त्याला समान न्याय असं नाव दिलं आणि स्पर्धेच्या सकाळी फळ्यावर लिहिलं.

"कार्ड जमा कर, तम्मा," चनबसाप्पा गुंडूला म्हणाले. "मैदानात लंगोटाशिवाय कायबी न्यायचं न्हाय. अंगठी, ताईत, अंगाचं तेल, समदं काढून घेतलंय मी आजवर."

"आण्णा, तेल पुसून येत्यात. डावबी पुसून येत्यात व्हय?"

"डाव मशीनमधी हाईतच की. समद्यास्नी सारखं."

"सारखं कसं? मागची बटणं मी कशानं दाबू? नाकानं?"

दारात पास फाडत बसलेल्या अक्काताई, म्हणजे चनबसाप्पांच्या पत्नी, तिथूनच म्हणाल्या, "अवो, त्याला बोटंच न्हाईत की. दिसत न्हाय व्हय?"

"दिसतंय. पर फॉर्मात न्हाय."

"फॉर्म कुस्तीचा हाय."

"म्हणूनच न्हाय."

ट्रॉफ्या देणाऱ्या दुकानदाराचा पुतण्या अमरसिंह खुर्चीत रेलून हे ऐकत होता. पहिल्या फेरीत गुंडूची जोड त्याच्याशीच होती. तो म्हणाला, "पावणं, एका बोटापायी नियम मोडायचा का?"

"दोन," गुंडू म्हणाला आणि त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं.

सगळ्यांना एकच पॅड दिला की सगळ्यांचे हातही एकसारखे होतात, अशी ही समानता. कुस्तीत मोडक्या गुडघ्याचा पैलवान गुडघा वाचवणारे डाव शिकतो, आणि लोक त्याला हुशार म्हणतात. ह्याच चनबसाप्पांनी असल्या पैलवानांना फेटे बांधले होते. गुंडूनं तेच केलं, तर ती घरून आणलेली लबाडी ठरली.

गुंडूनं पॅड मांडीवर उपडा धरला आणि मागची बटणं करंगळीनं दाबायचा प्रयत्न केला. चाळीस सेकंदांत संपलं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "तिबोट्या." कबनूर ते कोल्हापूर तीस किलोमीटर. तीन वर्षांत ते नाव इथवर आलं नव्हतं.

कार्ड मागितलं, तर जमा वस्तू समितीच्या बैठकीनंतर मिळेल असं उत्तर मिळालं. गुंडू दोनदा येऊन गेला. टेबलाचा खण बंद होता आणि किल्ली ट्रॉफीवाल्यांकडे होती. नंतर तो आला नाही.

पुढच्या डिसेंबरात समितीनं खेळाच्या विकासासाठी बदललेल्या डावांना परवानगी दिली. फॉर्म नवे छापले. त्यांत खरजेचा रकाना गेला आणि 'डावरचना : स्वतःची / इतरांची' असा रकाना आला. अमरसिंहानं 'स्वतःची'वर खूण केली आणि अंतिम फेरी गाठली. किरकोळ डाव, एकाच्या शेपटीला दुसरा. खेळताना त्याच्या उजव्या हाताची अंगठ्याशेजारची दोन बोटं पॅडपासून वर उचललेली होती, बशीतून चहा पिताना काही लोक उचलतात तशी. त्यांना कामच नव्हतं.

अक्काताई नवऱ्याला म्हणाल्या, "ही रचना कुणाची हाय, वळखलासा?"

"अमरसिंहाची," चनबसाप्पा टीव्हीकडे बघत म्हणाले. "फॉर्मात हाय की."

प्रमाणपत्रात नोंद आहे : 'श्री. अमरसिंह यांनी केवळ एका अंगठ्याने खेळता येईल अशी अभिनव डावरचना स्वतः विकसित केल्याचे समितीने तपासून प्रमाणित केले आहे.'

अमरसिंहाच्या उजव्या हाताला पाच बोटं आहेत.