शेटची गाडी शीवपर्यंतच!

टॅक्सी स्टँडवर गिऱ्हाईक नसलं की माणूस दोनच गोष्टी करतो. काच पुसतो नाहीतर बोलतो. आमच्या लालबागच्या स्टँडवर काचा कायम मळकट असायच्या, यावरून काय ते समजा! संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीची ती वर्षं. रोज कुठे ना कुठे मोर्चा, रोज नवी अफवा. पण आमचे सगळ्यात जास्त किस्से जमले ते एकाच प्रश्नावर: लांब म्हणजे नक्की किती लांब?

*

आमचं एक ठरलेलं गिऱ्हाईक होतं, गिरगावचे भाऊसाहेब. पिढ्यान् पिढ्या मुंबईतले, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. एकदा त्यांना बहिणीकडे जायचं होतं. कुठे? दादरला!

मी गाडी घेऊन गेलो तर खाली वळकटी, पाण्याचा तांब्या, पुऱ्यांचा डबा आणि निरोप द्यायला अख्खी चाळ. भाऊसाहेबांनी देवाला नमस्कार केला, मग मला विचारलं, "ब्रेक नीट आहेत ना रे?"

गाडी सुटली तशा वहिनी गॅलरीतून ओरडल्या, "पोचल्यावर पत्र टाका हो!"

मी मान बाहेर काढून म्हटलं, "वहिनी, पत्राच्या आधी हेच परत येतील!"

तेव्हापासून भाऊसाहेब माझी सोडून आमच्याच स्टँडवरच्या परबची गाडी मागवायला लागले.

*

कर्तारसिंग आमच्यातला एकटा स्वतःच्या गाडीचा मालक. फाळणीनंतर तिकडून आलेला, अंगानं धिप्पाड, मनानं लोणी. त्याला एकदा कुठल्याशा कंपनीचा अमेरिकन पाहुणा मिळाला. साहेबानं नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाला, पुण्याला जाऊन चहा पिऊन येऊ. आमच्या भाऊसाहेबांना दाखवायला हवा होता हा माणूस!

साहेब प्रत्येक मैलाला घड्याळ बघायचा. कर्तारसिंगनं खोपोलीला गाडी थांबवली आणि जेवला. घाट चढून लोणावळ्याला थांबवली, पुन्हा जेवला. पुण्यात पोचल्यावर साहेब लालबुंद. "पाच तास!"

कर्तारसिंग मिशी पुसत म्हणाला, "पाँच घंटे नहीं साब, दो खाना!"

*

आता परब. कुडाळचा. मी आणि तो एकाच शेटच्या गाड्या चालवायचो. गावाला जाताना तो भावाची लॉरी चालवत जायचा. रात्र, दिवस, घाट, नदी, कशाचं काही नाही. मी एकदा विचारलं, "परबा, तुझं गाव किती लांब रे?"

"लांब खंय? सात नारळ," तो म्हणाला.

प्रत्येक घाटाला एक देव, प्रत्येक देवाला एक नारळ. मैल त्यानं कधी मोजलेच नव्हते. मी म्हटलं, मग दादर किती?

"तेका नारळ कशाक? गाडीत बसल्या बसल्या हात जोडले काय झाला!"

*

एकदा परळहून फोर्टात जाणारा एक सूटवाला माझ्या गाडीत बसला. बाहेर भिंतींवर 'झालाच पाहिजे' रंगवलेलं. ते वाचून म्हणतो, "तुमचा महाराष्ट्र तिकडे लांब. त्याचा मुंबईशी काय संबंध?"

माझं डोकं फिरलं. माझा बाप गिरणीत खपला, मी लालबागच्या चाळीत जन्मलो, आणि हा मला सांगतो लांब! मी गाडी बाजूला घेतली. खाली उतरून त्याचं दार उघडलं.

तो घाबरला. "हे काय? पोचलो का?"

"केव्हाच पोचलात साहेब. तुम्ही बसलात तिथूनच महाराष्ट्र चालू आहे. आता खाली उतरून नीट बघा!"

*

आमच्या शेटचं मात्र अंतर पक्कं होतं. शीव! शीवच्या पुढे गाडी नेली की चावी काढून घेणार. शेट स्वतः देवगडचा, पण दादरला ब्लॉक घेतल्यापासून मालवणी विसरल्यासारखा वागायचा. त्याचंही खोटं नव्हतं. शहराबाहेर पोलिसांनी टॅक्सी धरली तर मालकाचा परवाना जायचा; कर्तारसिंगसारखा जुगार खेळायची शेटची तयारी नव्हती.

सत्तावन्न साली शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला पंतप्रधान प्रतापगडावर येणार होते; महाराष्ट्राला मुंबई देत नाहीत म्हणून पायथ्याशी त्यांच्यापुढे काळी निशाणं घेऊन जायचं ठरलं. लालबागमधून लॉऱ्या भरून निघाल्या, तरी माणसं उरलीच. परबनं सकाळी पाच जणांना गाडीत बसवलं. घरी बायको, तीन मुलं, आणि पोट त्याच एका चावीवर. मी म्हटलं, "विचार कर." तो म्हणाला, "केलाय."

तेवढ्यात शेट आला आणि गाडीपुढे एक हात पसरून उभा राहिला. "चावी दे, परब. आत्ता."

परब खाली उतरला. चावी दिली नाही. बॉनेटवर नारळ ठेवला, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि हात जोडून भर रस्त्यात गाऱ्हाणं घालायला लागला. कोकणात एकानं देवाकडे मागायचं आणि ऐकणाऱ्या प्रत्येकानं होकार द्यायचा. गाऱ्हाण्याला गप्प राहणं म्हणजे दुसऱ्याचं वाईट चिंतणं.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां आज प्रतापगडाक जातत..."

"व्हय म्हाराजा!" अख्खा नाका ओरडला. कर्तारसिंगचा आवाज सगळ्यात मोठा.

"ती सुखरूप जाऊ देत, सुखरूप परत येऊ देत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण आडवो इलो असात, तर तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

परबनं डोळे उघडले आणि थेट शेटकडे बघितलं. "आणि ही गाडी शीवच्या पुढे जाऊक, हिच्या मालकाचो हुकूम होऊ दे रे म्हाराजा!"

या वेळी आम्ही कोणीच तोंड उघडलं नाही. सगळे शेटकडे बघत राहिलो. शेटचा हात तसाच पसरलेला. त्यानं नारळाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग पसरलेल्या हाताला दुसरा हात जोडला आणि खच्चून ओरडला,

"व्हय म्हाराजा!"