शेख मॅडमचं १ = २

भर वर्गात खोटं शिकवणाऱ्या आमच्या शेख मॅडम काल गेल्या.

मूळच्या निलंग्याच्या. लातूरला घरीच अकरावी-बारावीच्या मॅथ्सच्या शिकवण्या घ्यायच्या.
मी जवळच्या मुरुडची, लातूरला होस्टेलला राहून शिकणारी.

भूकंपाचं वर्ष. घरात बसायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून मॅडमचा क्लास अंगणात, ताडपत्रीखाली.

एका सकाळी माझे वडील, अण्णा, मला न्यायला आले.

"पोरीला घिऊन चाललो, मॅडम. ही लातूरला आली आन धरणी हालली. गावात लोक म्हणून राहिलेत, हिचा पाय बाहेर पडला म्हणून झालं."

घरी गेले की शिक्षण संपलं, हे मला माहीत होतं.

मॅडमनी खडू ठेवला.
"भाऊ, म्हैस व्याली का यंदा?"
"व्याली की. रेडी झाली."
"पोरगी इकडं आल्यावर?"
"हाव."
"मग तेबी हिच्याच पायानं. पेढे वाटले का हिच्या नावानं?"

अण्णा मिशीतल्या मिशीत हसले.

"आधी एक झालं, मग दुसरं झालं. म्हणून पहिल्यानंच दुसरं केलं, असं न्हाई होत. लॉजिकमधली ही लई जुनी चूक हाय."
"पटलं. पर भ्या वाटतंय, मॅडम."
"भ्या खरं हाय. मलाबी वाटतंय. ते पोरीवर ढकलणं चूक हाय. आठ दिवस घरी न्या, मग आणून सोडा."

अण्णांनी खरंच आणून सोडलं.
परतीच्या एसटीला वेळ होता, म्हणून क्लासमध्ये मागं बसले.

त्या दिवशी मॅडमनी फळ्यावर लिहिलं, a = b.
दोन्ही बाजूंना a नं गुणलं. b² वजा केला. अवयव पाडले. (a − b) नं भागलं.
शेवटच्या ओळीत आलं, २ = १.

"समजलं का?"
"हाव मॅडम." आम्ही सगळ्यांनी उतरवूनपण घेतलं होतं.

मागून अण्णा म्हणाले, "मला न्हाई समजलं. दोन म्हशींची एक कशी होईल?"

मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.
मग चूक दाखवली. a आणि b सारखेच, म्हणजे a − b शून्य. शून्यानं भागलं की काहीबी सिद्ध करता येतं.
"सगळ्या ओळी बरोबर दिसतात. तिथंच थांबून विचारायचं असतं, बाळांनो."

पुढं लातूरभर क्लासेसचे बोर्ड लागले. मोठ्या क्लासवाल्यांनी मॅडमना बोलावलं.
"एवढ्या गर्दीत पोरं शंका कधी विचारणार?" म्हणाल्या, आणि गेल्या नाहीत.
तरी त्यांच्या सतरंजीवर जागा मिळायची नाही.

मी आता नांदेडला कॉलेजात गणित शिकवते.

दुपारी अण्णांना फोनवर कळवलं.
ते म्हणाले, "त्या साली कुणाच्याच घरात हसू नव्हतं. त्या बाईनं हसवलं मला."

मॅडम, सुखानं जा. आम्हा सगळ्यांचा मनापासून निरोप.