विवरणपत्रातली भाडेकरू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नंतर लग्न करून आणलेल्या बायकोलाही नाही. हाड मोडताना आवाज होतो. तो मी तीन हात अंतरावरून ऐकला आहे. आणि माझे दोन्ही हात मोकळे होते.

ऐंशीच्या दशकात मी धुळ्याला एका तेलगिरणीचे हिशेब लिहायचो. सुमन दवाखान्यात नर्स होती. मारकुट्या नवऱ्याला सोडून पारोळ्याहून आलेली. काडीमोड झालेला नव्हता, म्हणून लग्न न करताच आम्ही माझ्या घरात राहत होतो. पगारातून ती घरखर्चाला पैसे द्यायची. माझ्या प्राप्तिकराच्या विवरणपत्रात ते दाखवायचे कसे? बायको लिहावं तर खोटं. लपवणं माझ्याच्यानं होईना. शेवटी मी ते घरभाडं म्हणून दाखवले, वर कर भरला — एवढा मी चोख माणूस! सुमन हसून म्हणाली होती, "मंग मोरीना नळ गळस, तो दुरुस्त करा ना, घरमालक!"

एका दुपारी तिचा नवरा आणि दीर लोखंडी कांब घेऊन घुसले. केस धरून त्यांनी तिला दारापर्यंत फरफटत आणलं. तिने चौकट घट्ट धरली. नवऱ्याने मला विचारलं, "हाई तुनी कोण शे?"

दुसऱ्याची बायको ठेवली म्हणून खटला, तुरुंग, गेलेली नोकरी — सगळं मी तेवढ्यात मोजलं.

"भाडेकरू शे. मना काही संबंध नही."

"मंग इनं भाडं आते मी भरस!"

कांब तिच्या मनगटावर बसली. चौकट सुटली. मग पाठीवर, मग तोंडावर. "सांगा ना यास्ले!" ती ओरडत होती — मलाच. मी भिंतीला टेकून उभा.

एवढंच असतं तर भेकड म्हणून भागलं असतं. पण शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले, तेव्हा मी काय केलं? आत गेलो, विवरणपत्राची प्रत शोधली आणि हवालदारापुढे धरली. बघा साहेब, सरकारदरबारी नोंद आहे.

त्याने तिला विचारलं, खरं का? फुटलेल्या ओठांवरचं रक्त पुसत तिने माझ्याकडे पाहिलं. ती 'नाही' म्हणाली असती तर मी अडकलो असतो.

"हां," ती म्हणाली. "भाडेकरूच शे मी."

नवरा-बायकोचं भांडण म्हणून पोलिसांनी तिला त्याच्याच हवाली केलं.

पारोळा एस.टी.ने तासाभराच्या अंतरावर. मी कधी गेलो नाही.