जमिनीचं गरम पाणी

जानेवारीचा दुसरा रविवार. बरेच दिवस इथं लिहिलं नाही, माफ करा.

उन्हाळ्यात आमच्या स्मृति नगरच्या घरी जमिनीत पाइप पुरून भू-औष्णिक यंत्र बसवलं. घर गार करताना निघणारी उष्णता ते पाण्याला देतं. मी लगेच गीझर काढून टाकला.

आज विहारात जायला निघालेली आई आंघोळीनंतर कुडकुडत होती. थंडीत घर गार करायचं नसतं, म्हणून यंत्र बंद आणि पाणीही थंड! मी बारमाही थंड पाण्यानंच आंघोळ करतो, म्हणून मला कळलंच नाही.

"आई, सांगितलं कावून नाही?"

"तू साऱ्या मोहल्ल्याले सांगून राहिला होता, जमीनच पाणी तापवते म्हणून. तुले खोटा कशी पाडू?"

तेव्हापासून चैन नाही. तुमच्या घरी कोण असं गप्प राहून सोसतंय?

उद्या: गीझर परत बसवणे.